श्वाइट्झर यांचा ऑर्गनविचार : एक परीक्षण

आल्बर्ट श्वाइट्झर हे नाव आपल्या वाचकांना ऐतिहासिक येशूच्या शोधाविषयीच्या ग्रंथामुळे आणि लांबारेने येथील रुग्णालयामुळे परिचित आहे. तो ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मन व फ्रेंच ऑर्गनबांधणीची तुलना करणारी त्यांची एक पुस्तिकाही निघाली. वाद्याच्या कारागिरीवरील लिखाण धर्मगुरूंनी वा धर्मशिक्षकांनी कशासाठी वाचावे, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते त्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे; मात्र ते सारेच जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

ह्या विचाराचे मूळ १८९६ मधील एका अनुभवात आहे. बायरॉइटहून परतताना श्वाइट्झर स्टुटगार्ट येथे एक नवा, वृत्तपत्रांनी वाखाणलेला ऑर्गन ऐकावयास थांबले. बाखची फ्यूग सुरू झाली आणि तीतील निरनिराळे स्वरप्रवाह त्यांना वेगळे ओळखता येईनात. वाद्य भव्य होते, पण स्पष्टता हरवली होती.

असे का व्हावे? पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा एका बंद पेटीत जमते. पट्टी दाबताच झडप उघडून ती नळीत शिरते. एका जातीच्या नळ्यांच्या रांगेस स्टॉप म्हणतात. यांत्रिक पंख्यामुळे हवेचा दाब वाटेल तितका वाढविता येऊ लागला, तेव्हा मोठ्या आवाजाचा मोह अनावर झाला. पण अति दाबाखाली नळी गात नाही, ओरडते. शिवाय पत्रा पातळ, लाकूड हलके आणि किंमत मात्र स्टॉपच्या संख्येवरून! मंदिरांचे कारभारी कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त स्टॉप मागत. त्यामुळे प्रामाणिक कारागीर मागे पडे. श्वाइट्झर केवळ कारखानदारांना दोष देऊन थांबत नाहीत, तर खरेदी करणाऱ्यांनाही जाब विचारतात. त्यांच्या विचाराचे खरे बळ येथे आहे. स्ट्रासबर्गच्या संत थॉमस मंदिरातील झिल्बरमान यांचा १७४१ चा ऑर्गन वाचविण्यास झटून त्यांनी आपले म्हणणे कृतीतही आणले.

आता उणिवेकडे वळू. श्वाइट्झर यांची मुख्य कसोटी बाखचे संगीत ही आहे. कलावंताला ती पुरेशी असेल. उपासनाविधीच्या दृष्टीने ती अपुरी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संत पौल वाद्यांच्या अस्पष्ट नादाचा दाखला देतो, तो सभेला अर्थ कळावा म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि योग्य अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी ठेवली. १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने तर वाद्याने गाणाऱ्यांना आधार द्यावा, शब्द बुडवू नयेत, असे स्पष्ट केले. म्हणजे अंतिम कसोटी भाविकांचा कंठ ही होय. तिच्याकडे लक्ष न राहिल्यास जुन्याचा अभिमान हीसुद्धा एक फॅशन बनते. घडलेही तसेच. पुढच्या पिढीतील काही सुधारकांनी बारोक ऑर्गन हाच एकमेव आदर्श मानून एकोणिसाव्या शतकातील कित्येक उत्तम वाद्ये बदलून टाकली. श्वाइट्झर यांना हे अभिप्रेत नव्हते. पॅरिसच्या सें-स्युल्पिस मंदिरातील काव्हाये-कोल यांचे १८६२ चे वाद्य त्यांना अत्यंत प्रिय होते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मंदिरांत पाइप ऑर्गन नाही. पायपेटी आहे, किंवा तिच्या जागी आलेले विजेवरचे वाद्य आहे. तरीही देखभालीचा धडा तोच. पाइप ऑर्गनमध्ये उष्णता वाढली की साध्या नळ्यांचा स्वर चढतो, जिभाळीच्या नळ्यांचा तितका चढत नाही, आणि दोहोंत विसंवाद येतो. दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पायपेटीच्या भात्याचे कातडे उंदीर कुरतडतात. मी पूर्वी सेवा केलेल्या एका धर्मग्रामात असा फाटलेला भाता दुरुस्त करण्यापेक्षा पेटी अडगळीत टाकणे सोपे वाटले. त्या निर्णयात मीही होतो, ह्याची आज खंत वाटते. श्वाइट्झर १९१३ मध्ये आफ्रिकेस निघाले तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना पायपट्ट्या जोडलेला पियानो दिला. तो खास उष्ण प्रदेशासाठी बनविलेला होता आणि जस्ताचे अस्तर लावलेल्या पेटीतून गेला. देणाऱ्यांनी वाद्याबरोबर तेथल्या हवेचाही विचार केला होता.

म्हणून वाद्यासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मग्रामाने दोन गोष्टी ठरवाव्यात. शेवटच्या बाकावरील वृद्ध स्त्रीला गीताचे शब्द ऐकू येऊन तिला त्यात सूर मिसळता येईल काय, हे आधी पाहावे. आणि त्या वाद्याची निगा कोण राखणार, त्यासाठी दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवणार, हे खरेदीच्या ठरावातच लिहून ठेवावे.