रंगीत आभाळ म्हणजे निरीक्षण झालं का?

चित्रकलेच्या तासाचा एक पाठ तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. आधी क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ दाखवायचं, मग मुलांच्या हाती केशरी, गुलाबी, जांभळा रंग द्यायचा आणि तुटक फटकारे मारून आभाळ रंगवायला सांगायचं. उद्दिष्टांमध्ये लिहिलेलं असतं: ‘मुले निसर्गाचे निरीक्षण करतील.’ चित्रं छान होतात, पण हा दावा टिकतो का?

आधी मूळ चित्रच बघू. १८७२ साली ल हाव्र बंदरावर रंगवलेलं आणि १८७४ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात चेष्टेचा विषय झालेलं हे चित्र तसं फार रंगीबेरंगी नाहीच. बराचसा भाग राखाडी-निळा आहे. मोबाइलवर त्याची कृष्णधवल प्रत करून बघा, सूर्य जवळजवळ गायब होतो. तो भोवतालच्या आभाळाइतकाच उजळ आहे, वेगळा आहे तो फक्त रंगाने. मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी हे दाखवून दिलंय. म्हणजे ‘भरपूर रंग वापरा’ ही शिकवण या चित्रातून निघत नाही. ‘शेजारचा रंग बघून रंग ठरवा’ ही निघते.

दुसरी अडचण मोजमापाची. साधारण ७ ते ९ वर्षांची मुलं आभाळ म्हणून कागदाच्या वरच्या कडेला एक पट्टा काढतात, असं व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या पुस्तकात मांडलंय. पाठानंतर तो पट्टा जाऊन केशरी-जांभळा रंग कागदभर पसरला, असं समजा. मूल बघायला शिकलं, की एक साचा टाकून दुसरा उचलला? तयार चित्रावरून हे सांगता येत नाही, कारण दोन्ही शक्यतांमध्ये चित्र सारखंच दिसेल.

मग काय करता येईल? मुलांना ढगाळ, करड्या दिवशी बाहेर न्या. तेव्हाही कागदावर केशरी संध्याकाळच उतरली, तर उत्तर मिळालं. किंवा एकाच खिडकीतून सकाळी आणि दुपारी आभाळ रंगवायला द्या. मोनेनं १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजींबाबत हेच केलं: विषय तोच ठेवला, प्रकाश आणि हवामान बदलू दिलं. खरं तर वर्गात न्यायची ती ही पद्धत.

आपल्या प्रस्तावात ‘निरीक्षणशक्ती वाढेल’ असं लिहिण्याआधी एवढं विचारा: हा दावा खोटा असता, तर माझ्या हाती आलेली माहिती वेगळी दिसली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी मोजमाप बदला.