विलगीकरण आणि माणूसपण : ‘द फेल’ या कादंबरीच्या निमित्ताने

कोरोनाच्या महामारीने २०२० साली माणसाला माणसापासून दूर राहण्याची सक्ती केली. दूर राहणे हेच तेव्हा एकमेकांच्या जीविताचे रक्षण होते. अशा विपरीत परिस्थितीत माणसामाणसांतील नात्याचे काय होते, हा प्रश्न ब्रिटिश लेखिका सारा मॉस यांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फेल’ या कादंबरीत हाताळला आहे.

कथानक साधे आहे. काळ नोव्हेंबर २०२०चा; स्थळ इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश. कॅफेमधील काम थांबलेली केट चौदा दिवसांच्या विलगीकरणात आहे. एका सायंकाळी घरातील कोंडमारा असह्य होऊन ती मुलाला न सांगता डोंगरावर जाते आणि अंधारात पडून गंभीर जखमी होते. डोंगर आणि पडणे, हे शीर्षकाचे दोन्ही अर्थ येथे सार्थ ठरतात.

केट, तिचा किशोरवयीन मुलगा मॅट, शेजारची वृद्ध ॲलिस आणि बचावपथकातील रॉब या चौघांच्या मनांतून निवेदन आळीपाळीने पुढे सरकते. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. बोललेले आणि मनातच राहिलेले एकमेकांत मिसळून जाते. ऐकणारा कोणी नसला की विचार स्वतःभोवतीच फिरू लागतात. हे एकाकीपण लेखिकेने रचनेतूनच अनुभवास आणून दिले आहे. कर्करोगातून उठलेल्या ॲलिसच्या घरी कशाची ददात नाही, पण ती स्पर्शाला पारखी झाली आहे. केटला पैशाचीही विवंचना आहे. बंदी दोघींना सारखी असली, तरी तिचा भार सारखा नाही.

कादंबरीचे मर्म रॉबमध्ये आहे. इंग्लंडमधील पर्वतीय बचावपथके विनावेतन स्वयंसेवकांची असतात. नियम मोडणाऱ्या एका अपरिचित स्त्रीसाठी तो स्वतःच्या मुलीची नाराजी पत्करून थंडीत बाहेर पडतो. आधी माणूस शोधायचा, दोषाचा हिशोब मागाहून, हीच त्या कामाची रीत आहे. केटशी बोलणारा डोमकावळा मात्र ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. तिचा अपराधभाव वाचकाला त्याच्याविनाही कळलेला असतो.

नियमांची आवश्यकता ही कादंबरी नाकारीत नाही. तथापि चुकलेल्या माणसाच्या शोधार्थ कोणी निघते की नाही, यावरच समाजाची पारख होते. महामारी ओसरली, तरी ही पारख टळलेली नाही.