हजेरीपट आणि खंडाचा हिशेब : मामोनी रायसोम गोस्वामींच्या कादंबऱ्या

इंदिरा गोस्वामी यांच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की आधी त्यांचं आयुष्य सांगितलं जातं. त्या लिहीत मामोनी रायसोम गोस्वामी या नावाने. जन्म गुवाहाटीचा, १९४२चा. घराणं दक्षिण कामरूपमधल्या आमरंगा सत्राचं. सत्र म्हणजे शंकरदेवांच्या परंपरेतला वैष्णव मठ. माधवन रायसोम अय्यंगार या अभियंत्याशी लग्न झालं आणि दीडेक वर्षातच काश्मीरमध्ये जीपच्या अपघातात ते गेले. मग वृंदावन, रामायणाचा अभ्यास, दिल्ली विद्यापीठातली प्राध्यापकी, २०००चं ज्ञानपीठ. ‘आधा लेखा दस्तावेज’ या आत्मकथनात त्यांनी आपले निराशेचे काळ आणि आत्महत्येचे विचार काहीही न लपवता मांडले. या कहाणीची पकड इतकी जबर की त्यांच्या कादंबऱ्याही तिच्या पुरवण्या असल्यासारख्या वाचल्या जातात.

हे वाचन मला फार अपुरं वाटतं. गोस्वामी या मजुरीच्या, जमिनीच्या आणि पैशाच्या कादंबरीकार आहेत. वैधव्याविषयी त्यांनी जे लिहिलं त्यातलं बळसुद्धा याच जाणिवेतून येतं.

सुरुवातच पाहा. ‘चिनाबर स्रोत’ (१९७२) चिनाबवरच्या पुलाच्या बांधकामाची, ‘अहिरण’ मध्य भारतातल्या त्याच नावाच्या नदीवरच्या कामाची, आणि ‘मामरे धरा तरोवाल’ रायबरेलीजवळ सई नदीवर जलसेतू बांधणाऱ्या मजुरांची. आसामबाहेरची, परमुलखातून आलेली, काम संपलं की पालं उचलून पुढे जाणारी ही माणसं असमिया कादंबरीला नवी होती. ‘मामरे धरा तरोवाल’ला १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची कठोरता आजही झोंबते. काम आवरतं घेतलं जातंय, माणसं कमी केली जातायत, संप लांबलाय आणि चुली थंड पडल्यायत. संघटना टिकावी म्हणून उपाशी राहायचं की पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून कामावर परतायचं, हा पेच लेखिका कोणाच्याही बाजूने सोडवून देत नाही. मजुराला देव्हाऱ्यात बसवणारं लेखन आपल्याकडेही पुष्कळ झालं. गोस्वामींचा मजूर मोडतो, विकला जातो, दुसऱ्याला फसवतोही, आणि तरीही त्याच्यावर झालेला अन्याय तसूभर कमी होत नाही.

‘नीलकंठी ब्रज’ (१९७६) वृंदावनातल्या विधवांवर आहे. तरुण सौदामिनीच्या मनातली घुसमट कादंबरीच्या केंद्रस्थानी असली, तरी माझ्या मनात घर करून बसतात त्या राधेश्यामी : भजनाश्रमात दिवसभर नाव घ्यायचं, बदल्यात चार पैसे आणि मूठभर शिधा मिळवायचा. त्या तुटपुंज्या कमाईतून स्वतःच्या अंत्यसंस्कारासाठी पैसे साठवायचे, आणि त्या पैशांवरही टपलेली माणसं आजूबाजूला. भक्तीसुद्धा इथे रोजंदारीवर चालते. तीर्थक्षेत्राचा इतका उघडा जमाखर्च मांडायला मोठं धैर्य लागतं. स्वतः वैष्णव घराण्यातल्या लेखिकेला तर अधिकच.

मराठी वाचकाला विधवेची कादंबरी नवी नाही. ‘यमुनापर्यटन’ १८५७चं, हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचं केशवपन वाचून पिढ्यान् पिढ्या हळहळल्या. त्याच सवयीने आपण ‘दंताल हातीर उंये खोवा हौदा’ (१९८८) हाती घेतो आणि तिथे गिरिबाला, दुर्गा, सरु गोसानी या तीन विधवा भेटतात. सांत्वना बरदलै यांच्या ‘अदाह्य’ (१९९६) या चित्रपटाचाही भर त्यांच्यावरच आहे. पण सरु गोसानीकडे जरा जवळून बघा. तिच्यापुढचा रोजचा प्रश्न खंडवसुलीचा आहे. नवरा गेला, जमीन राहिली, कुळं दाद देईनात. बाईमाणसाने शेतावर जाऊन उभं राहायची सोय नाही, म्हणून महीधर नावाच्या माणसावर सगळा कारभार सोपवलेला. त्याच्याविषयी मनात ओढ निर्माण होते, आणि तो फसवतोय हे कळतं तेव्हा तिचं मन आणि तिचा हिशेब एकाच वेळी कोसळतात. दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत. प्रेमभंगाचं असं चित्रण मी क्वचितच वाचलं आहे.

या घराभोवती सगळा गाव पेटलेला आहे. स्वातंत्र्यानंतरची वर्षं, जमिनीच्या कायद्यांची चाहूल, कम्युनिस्टांची चळवळ, अफूने पोखरलेली माणसं, आणि सत्राचा वारस इंद्रनाथ, ज्याला कुळांचं दुःख कळतं आणि तरी त्यांच्याच हातून मरण येतं. वाळवीने खाल्लेला हौदा या शीर्षकात आहे तो याच सरंजामाचा. गिरिबालाने मांस खाणं आणि शुद्धीच्या विधीत स्वतःला जाळून घेणं हे प्रसंग थरारक आहेतच. पण ते ज्या वाड्यात घडतात त्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे, हे विसरून वाचलं तर कादंबरी निम्मीच हाती लागते. संवादांत दक्षिण कामरूपची बोली वापरून लेखिकेने ही माणसं आणखी घट्ट मातीत रोवली.

सगळंच लेखन या तोलाचं नाही. १९८४च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडावरची कादंबरी डायरीसारखी पुढे सरकते, तिच्यात साक्षीदाराची तळमळ आहे. पात्रांना मात्र पुरेसा अवधी मिळत नाही. ‘छिन्नमस्तार मानुहटो’ने गुवाहाटीच्या कामाख्या मंदिरातल्या पशुबळीविरुद्ध आवाज उठवला. देवळाच्या परंपरेवर त्याच शहरातून असा प्रहार करणं मोलाचं होतं, तरी वाद पुढे येतो आणि माणसं मागे पडतात. ‘मामरे धरा तरोवाल’मध्ये हाच तोल किती सहज साधला होता, हे तेव्हा प्रकर्षाने आठवतं.

२०११मध्ये त्या गेल्या. त्याआधी दोनच वर्षं आलेली शेवटची मोठी कादंबरी एकोणिसाव्या शतकातल्या ठेंगफाखरी या बोडो स्त्रीवर आहे. इंग्रजांच्या चाकरीत बिजनी भागात घोड्यावरून फिरून सारा गोळा करणारी ही बाई पुढे त्याच सत्तेविरुद्ध उभी राहते. नायिका म्हणून अनेक राण्या, योगिनी उपलब्ध असताना गोस्वामींनी तहसीलदार निवडली. रयतेकडून पैसा कसा वसूल होतो हे जिला नेमकं ठाऊक आहे, तिचंच बंड त्यांना लिहावंसं वाटलं.