बुरशी औषध बनवते, हे कशावरून?

बायोटेक शिकत असाल तर ही गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली असेल: यू नावाच्या झाडात राहणारी एक बुरशी टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध स्वतःच बनवते. १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये तसा निबंध आला. बुरशी मोंटानातल्या यूच्या सालीत सापडलेली, नाव टॅक्सोमायसिस अँड्रियानी. झाडं तोडायलाच नकोत, बुरशी टाकीत वाढवायची, झालं!

पण आकडा बघा. लिटरमागे जेमतेम २४ ते ५० नॅनोग्रॅम. लेखकांनी इतरही पुरावे दिले होते, हे मान्य. तरी मूळ प्रश्न उरतोच. टॅक्सॉल बनवायला झाडाला वीसेक पायऱ्या लागतात. पायरीगणिक एन्झाइम, आणि त्यामागे जनुक. मग बुरशीत ती जनुकं कुठे आहेत? २०१३ मध्ये एका जर्मन गटाने ती शोधली. त्यांचा निष्कर्ष: या बुरशा टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवत नाहीत.

भक्कम पुरावा कसा असतो? न्यूझीलंडच्या रायग्रासमधली एपिक्लोई ही बुरशी बघा. ती पेरामीन नावाचं रसायन बनवते, त्यामुळे गवत खाणारी कीड दूर राहते. २००५ मध्ये संशोधकांनी बुरशीतलं पेर-ए हे एकच जनुक काढून टाकलं. पेरामीन गेलं, आणि गवताचं संरक्षणही गेलं. इथे वाद घालायला जागाच नाही.

हे सगळं आपल्याला का महत्त्वाचं? सह्याद्रीतला नरक्या आठवा. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणून तो बेसुमार तोडला गेला. २००५ मध्येच नरक्यातल्या बुरशीकडूनही कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं जाहीर झालं. पुढे याच रसायनाच्या एका चिनी झाडातली बुरशी तपासली, तर साखळीतलं एक कळीचं जनुक तिच्यात नव्हतंच. शिवाय प्रयोगशाळेत पिढ्या वाढवत नेल्या तसं उत्पादन घटत गेलं. म्हणजे बुरशी झाडावर अवलंबून असावी.

माझा आक्षेप बुरशीवर नाही, घाईवर आहे. ‘बुरशी आहे ना’ म्हणून आपण झाडाबद्दल निर्धास्त होतो. पुढचा असा पेपर हाती आला की दोनच प्रश्न विचारा: जनुक कोणतं? आणि ते काढलं तर काय झालं? उत्तर नसेल, तर नरक्या जंगलातच वाचवावा लागेल.