एकच नाव, दोन याद्या

नामवंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था त्या निमित्ताने स्वतःचाही गौरव करून घेत असते. ‘हा आमचा’ या म्हणण्यात ‘आम्ही याला घडवले’ हा दावा असतोच. तो दावा तपासला पाहिजे.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने मे २०२४ मध्ये असा दावा केला. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले आणि संस्थेने जाहीर अभिमान व्यक्त केला. त्याच वेळी पुण्याच्या कोर्टात २०१५ च्या संपातला खटला प्रलंबित होता. गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदावरील नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला होता. संचालकांना घेराव घातल्याच्या त्या खटल्यात ३५ विद्यार्थी आरोपी होते आणि त्यांत पायल कपाडियाही होत्या. एकच नाव गौरवाच्या यादीत आणि आरोपींच्याही यादीत! संस्थेला विद्यार्थ्याचे यश हवे असते, त्याचा प्रश्न नको असतो.

तो प्रश्न कोणता, हे त्यांच्या २०२१ च्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’मध्ये दिसते. ‘एल’ नावाची विद्यार्थिनी प्रियकराला पत्रे लिहिते. जात आड आली म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला तिच्यापासून तोडले आहे. पत्रांच्या आजूबाजूला संपाची, पोलिसी मारहाणीची, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनाची दृश्ये येतात. आवारात मुठी आवळणारा तरुण घरी आईबापांपुढे मान खाली घालतो, हे या चित्रपटाने नेमके पकडले आहे. आमच्या दृष्टीने हीच त्याची खरी कमाई. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी यातली जात पाहिली?

आता दुसरा प्रश्न. ‘आम्ही घडवले’ म्हणणाऱ्यांना कोणी घडवले? ही संस्था १९६० साली प्रभातच्या स्टुडिओत निघाली. प्रभात १९२९ साली आमच्या कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ साली पुण्याला गेली. शांताराम, दामले, फत्तेलाल शिकले ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. शिवाजी पेठेतून चालत खरी कॉर्नरला गेले की तिच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. बाबूराव कारागीर घराण्यातले, कॅमेरासुद्धा घरी बनवणारे. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराने नागवलेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्यांच्याजवळ कोणत्या चित्रपट-शाळेचे प्रमाणपत्र होते?

हा अभिमान आम्ही बाळगतो, पण तिथे थांबत नाही. कारागिराच्या हाताला मान मिळाला, तरी गावकुसाबाहेरचा माणूस मराठी पडद्यावर स्वतःच्या नजरेने यायला फार काळ जावा लागला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्याचा दगड प्रेक्षकांवर आला तो २०१३ साली. मंजुळे पुण्याच्या या संस्थेचे विद्यार्थी नव्हेत. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केला. जब्या घडवल्याचे श्रेय पुण्याला घेता येणार नाही.

राखीव जागा आहेत, असे उत्तर मिळेल. आहेत, आणि त्या लढून मिळाल्या आहेत. परंतु माझ्या वर्गात बसणाऱ्या, सुट्टीत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला ही वाट आपल्यासाठी आहे, हे कोण सांगणार? प्रवेशासाठी लागणारी सिनेमाची जाण कोणत्या घरात पोसली जाते? १९०२ साली याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, आणि मुलांसाठी वसतिगृहेही उभी केली. नुसती जागा ठेवून भागत नाही, तिथवर पोहोचायची सोय करावी लागते, हे त्यांना कळले होते.

म्हणून गौरवाला आमचा विरोध नाही. मात्र मानपत्र वाचताना संस्थेने आणखी दोन याद्या वाचाव्यात: ज्यांना तिने कोर्टात उभे केले त्यांची, आणि ज्यांच्या वस्तीतून आजवर एकही अर्ज आला नाही त्या वस्त्यांची. त्या वाचल्यावरही मान ताठ राहिली, तर शाल आणि श्रीफळ जरूर द्यावे.