व्हीएनस्टॅटची खातेवही: बेरीज अचूक, पण पुरेशी?

संगणकावरून किती माहिती आली व किती गेली, याची मोजदाद लिनक्स मुळातच करीत असते. प्रत्येक जोडणीवरील बाइटांचे गणक चालूच असतात. अडचण अशी की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की ते शून्यावर येतात. वीज गेल्यावर घरातला मीटरच शून्यावर यावा, तसे! म्हणून महिन्याचा, वर्षाचा हिशेब हवा असेल तर कोणीतरी मधूनमधून आकडे उतरवून घ्यायला हवेत. हे काम टेमू टोइवोला यांची व्हीएनस्टॅट ही मुक्त आज्ञावली २००२ पासून करीत आली आहे.

ती पॅकेट उघडून पाहत नाही, केवळ गणक वाचते. त्यामुळे संगणकावर भार पडत नाही आणि कोणता विद्यार्थी काय पाहत होता, याची नोंदही होत नाही. शाळेच्या दृष्टीने हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

माझा आक्षेप तिच्या विसरण्याच्या पद्धतीवर आहे. मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांच्या नोंदी ४८ तास, तासांच्या ४ दिवस, दिवसांच्या ६२ दिवस आणि महिन्यांच्या २५ महिने राहतात. वर्षाची बेरीज तेवढी कायम. आता सेकंदाला १० मेगाबिटांची जोडणी घ्या. सर्व मुलांनी एकदम चित्रफीत उघडली आणि जोडणी ३० सेकंद तुडुंब भरली, मग तासभर शांतता. त्या ५ मिनिटांचा सरासरी वापर दिसेल १० टक्के, तासाचा १ टक्क्याहूनही कमी. मुलांचे पडदे अडकले होते, आणि खातेवही सांगते की जोडणी जवळजवळ रिकामी होती. जुलै २००५ च्या एकूण पावसावरून २६ तारखेचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस कसा कळणार?

मधला काळ एकसारखा गेला असेल, असे मानायलाही आधार नाही. अमेरिकेतील बेलकोअर संस्थेत १९८९ ते १९९२ मध्ये टिपलेल्या इथरनेट वाहतुकीचे विश्लेषण लेलँड, ताक्कू, विलिंगर व विल्सन यांनी १९९४ मध्ये मांडले. मिलिसेकंदाने मोजा की मिनिटाने, चढउतार तितकेच खडबडीत दिसत होते. टेलिफोनच्या अनुभवावरून अपेक्षा मात्र होती ती मोठ्या कालखंडात आलेख सपाट होण्याची.

आणखी एक. शेजारच्याच संगणकावर पाठवलेली फाइलही त्याच बेरजेत येते. तेव्हा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या आकड्याशी ती जुळली नाही, तर लगेच भांडायला जाऊ नये.

पहिल्या दोषावर अर्धा उपाय आहे. ५ मिनिटांच्या नोंदींची मुदत उणे १ केली की त्या पुसल्या जात नाहीत. वर्षाला १,०५,१२० ओळी होतात. आजच्या डिस्कला त्याचे काहीच ओझे नाही. हा बदल पहिल्याच दिवशी करावा, पुसलेल्या ओळी परत येत नाहीत. ती ३० सेकंदांची कोंडी मात्र तरीही दिसणार नाही. त्यासाठी दर सेकंदाला गणक वाचणारी छोटी आज्ञावली विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावी लागेल.