फुकटचं घर

मी खंडाळ्याला असतो म्हटलं की लोक म्हणतात, "वा, पावसाळ्यात चैन असेल!" तो खंडाळा लोणावळ्याशेजारचा. आमचा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि चैन हळदीकुंकवापुरती.

यंदा संक्रांतीला आमच्या सौ.ने हाऊजीऐवजी बिंगो ठेवला. पुण्याच्या पुतणीने मोबाईलवर कागद पाठवला. आडवी पाच, उभी पाच घरं, आकड्यांऐवजी टेनिसमधल्या विजेत्या बायकांची नावं, आणि मधलं घर फुकट. छपाईचं खातं माझ्याकडे आलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. एका कागदाच्या बावीस झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक प्रत मुळाबरहुकूम असल्याची खात्रीही केली.

पहिली ओळ भरली आणि बावीस बायका एका सुरात ओरडल्या, "बिंगो!" बक्षीस एकच होतं, स्टीलचा डबा.

तर बिंगोची पहिली गोम ही, की प्रत्येक कागदावर नावांचा क्रम वेगळा हवा. घरं चोवीस असतील तर नावं तीस-पस्तीस हवीत, म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला स्टेफी ग्राफ येत नाही आणि खेळात जीव येतो. "काका, वेगळे कागद पुढच्या पानांवर होते," असं पुतणीने मागाहून सांगितलं. पुढची पानं न वाचता सही करायची सवय आमच्या ग्राहकांची. ती मला केव्हा लागली कोण जाणे.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. हाऊजीतला सात म्हणजे सात. त्याला कधी घाम आलेला नसतो. इथे मार्टिना नवरातिलोवा, एकेरीत नऊ वेळा विम्बल्डन जिंकलेली, आणि तिच्यावर हलव्याचा दाणा ठेवला की आपण मोकळे! (काहीजणी दाणे खात होत्या, तो मुद्दा निराळा.) घाम गाळून जिंकलेल्या बायका आणि खेळ मात्र निव्वळ नशिबाचा.

दुसऱ्या डावात सौ.ने नावं पुकारणंच बंद केलं. नुसता पराक्रम सांगायचा, नाव ज्याचं त्याने शोधायचं. "२०१५ साली हिंगिसबरोबर विम्बल्डनची दुहेरी!" सानियाला बऱ्याचजणींनी ओळखलं. "मुलगी झाल्यावर, १९८० साली विम्बल्डन जिंकली!" इव्हॉन गूलागाँग कुणालाच आठवेना, पण मागून प्रश्न आला, "मग पोरीला कोण सांभाळत होतं?" त्यावर दहा मिनिटं खेळ थांबला.

"१९३४. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई!"

"सावित्रीबाई!" नायगाव आमच्याच तालुक्यात; इथे 'पहिली बाई' म्हटलं की दुसरं नाव सुचतच नाही. उत्तर होतं लीला राव. 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी, आणि आईसुद्धा टेनिस खेळणारी. पण हे नाव बावीसपैकी एकाही कागदावर नव्हतं. सौ. म्हणाली, "मधल्या फुकटच्या घरात लिहा." बावीसजणींनी लिहिलं.

रात्री मी विचारलं, "तुला हे सगळं कुठून ठाऊक?"

"शाळेत रिंग टेनिस खेळायचे. जिल्ह्यापर्यंत गेले होते. तेव्हा जे मिळेल ते वाचायचे."

लग्नाला बावीस वर्षं झाली. मी म्हटलं, "प्रशस्तिपत्रकं असतील ना?"

"आहेत की. तुमच्या पासबुकांच्या फायलीखाली."